उएनोचे इंजिनवाले
टोकियोतील उएनो स्टेशन १८८३ सालचे. ते उभारले निप्पॉन रेल्वेने, जपानच्या पहिल्या खाजगी रेल्वे कंपनीने. १८८१ साली निघालेल्या या कंपनीत पैसा मोठा सरदार घराण्यांचा. त्यांच्या ८ टक्के नफ्याची हमी सरकारने घेतलेली! १८९१ मध्ये रूळ सुमारे ७३० किलोमीटरवरच्या आओमोरीला भिडले.

इंजिन हाकणाऱ्यांची हमी मात्र कोण घेणार? कोळशाच्या धुरात राबूनही कंपनीत त्यांचा दर्जा खालचाच. फेब्रुवारी १८९८ मध्ये त्यांनी गाड्या थांबवल्या. वाचकहो, मागणी नुसती पगाराची नव्हती. आमच्या हुद्द्याला सन्मानाचे नाव द्या, हीसुद्धा होती. कंपनीला नमावे लागले. त्याच वर्षी त्यांनी आपली संघटना बांधली.

१९०६ मध्ये ही रेल्वे सरकारजमा झाली. उएनोहून उत्तरेकडे गाड्या आजही सुटतात.