दाब

पास्कलचा नियम शिकवायचा म्हणजे माझं साहित्य ठरलेलं: दोन सिरिंजा, मधे प्लॅस्टिकची नळी, लाल पाणी. एक दट्ट्या दाबला की दुसरा वर येतो आणि पोरं खूष.

गेल्या उन्हाळ्यात हाच नियम मला मामेभावाच्या गॅरेजात भेटला, मोबाइलच्या पडद्यावर. भाई अमेरिकेत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी किटमधून दोन आसनी विमान बांधतो. तिकडच्या कायद्यानं अशा विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांच्या हातचं असावं लागतं. इकडे कोकणात मामी तसबीह घेऊन बसलेली. "गाडी घेतली असती तर काय बिघडलं असतं?"

विमान जॅकवर चढवलेलं, चाकं पोटात ओढलेली. "ऐक," भाई म्हणाला. दर पाच-सात मिनिटांनी पंप आपसूक गुरगुरायचा.

लॅन्सेअर ३६० सारख्या छोट्या विमानांत चाकं वर अडकवायला खिट्टी नसते. कोंडलेल्या तेलाचा दाबच त्यांना धरून ठेवतो. भाईचंही तसंच. दाब उतरला की स्विच पंप सुरू करतो, भरला की थांबवतो. तेल उन्हात तापलं तर कोंडलेल्या नळीत दाब भलताच चढतो, त्यासाठी जादा दाब सोडणारी झडप असते. आकाशात गारठलं की तो उतरतो. पण गॅरेजातली हवा तर जागची हलत नव्हती.

आकडे मला आवडतात, म्हणून कागदावर मांडले. एक इंच व्यासाच्या सिलिंडरात चौरस इंचाला १००० पौंड दाब असेल तर दट्ट्यावर ७८५ पौंड जोर, म्हणजे सुमारे ३५६ किलो. दांडीच्या बाजूला, दांडी अर्ध्या इंचाची धरली तर, ५८९ पौंडच. दाब तोच, जागा कमी.

"खाली तेल सांडलंय?"

"थेंब नाही. जाऊ दे गं, पंप भरून काढतोय ना."

माझा आवाज चढला. माझ्याकडे एक जुनी सिरिंज आहे, तिचं रबर झिजलंय. टेबलावर थेंब पडत नाही, पण पाणी दट्ट्याच्या मागे जाऊन बसतं. ती मी त्याला कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली. गळती आतल्या आत असेल, तर पंप आज भरून काढील. मोटर जळाल्यावर कोण भरून काढणार?

चार दिवसांनी त्यानं एकेक सिलिंडर वेगळा करून तपासला. एकाची रबरी कडी कापलेली निघाली. बसवताना तेलाच्या भोकाची धार लागली होती. बसवली होती त्यानंच. बराच वेळ तो काही बोलला नाही.

आता पंप गप्प आहे. पहिलं उड्डाण चाकं खाली ठेवूनच करायचं ठरलंय. खाली आलेल्या चाकांना सांध्याचा यांत्रिक अटकाव असतो, विमान दाबावर उभं नसतं. दाब पार गेलाच, तर झडप उघडायची. चाकं स्वतःच्या वजनानं खाली येतात. भाईनं हे जॅकवर वीसदा करून पाहिलंय.

मामीला हे सगळं नीट समजावलं. "दाब गेला तरी चाकं खालीच येतात, मामी."

तिनं तसबीहचा मणी बोटात धरून ठेवला. "आणि विमान?"