रेघेची फाईल

साताऱ्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पेंट शिकवायचे ते माऊस हातात बसावा म्हणून. मला चित्रापेक्षा फाईलचीच भूल पडली. ६४० गुणिले ४८० चा कागद २४-बिट बिटमॅप म्हणून ठेवला की ९,२१,६५४ बाइट व्हायचे. त्यात घर-डोंगर काढा नाहीतर तो कोरा ठेवा. फ्लॉपीत एक चित्र मावायचं, दुसरं नाही. कोऱ्या कागदाचं वजन एवढं कसं, असं सरांना विचारलं तर म्हणाले, “मग लहान काढ ना.” म्हणून ती फाईल नोटपॅडमध्ये उघडून बघितली. सगळी गिचमीड, पण अगदी सुरुवातीला स्वच्छ दोन अक्षरं: बी आणि एम. फाईल आपली ओळख स्वतःच सांगत होती. पुढचं मग हळूहळू उलगडलं. ५४ बाइटचं हेडर, त्यामागे प्रत्येक ठिपक्याचे तीन बाइट, पांढरा असला तरी तीनच. आणि ओळी चक्क खालून वर लिहिलेल्या.

कॉलेजात हेक्स एडिटर मिळाला आणि पीएनजीचे पहिले आठ बाइट वाचता आले: १३७ ८० ७८ ७१ १३ १० २६ १०. त्यातले ८०, ७८, ७१ म्हणजे पी, एन, जी. बाकीचे पाच राखणीला. १३७ मुद्दाम १२७ च्या वरचा, कारण वाटेत कुणी आठवा बिट खाल्ला तर ते लगेच उघडं पडावं. १३ आणि १० ही डॉस-विंडोजची ओळ बदलण्याची जोडी, शेवटचा १० युनिक्सचा. एफटीपीने चित्राला मजकूर समजून या खुणा ‘सुधारल्या’, तर चोरी पहिल्या आठ बाइटांतच पकडली जाते. २६ मुळे डॉसवर कुणी ‘टाइप’ आज्ञेने फाईल बघायला गेलं तर पडद्यावर गिचमीड सांडत नाही. १९९४ च्या अखेरीस युनिसिसच्या एलझेडडब्ल्यू पेटंटपायी जिफ वापरणाऱ्या प्रोग्रॅमना परवाना घ्या असं जाहीर झालं; त्या चिडीतून पीएनजी जन्मलं आणि १९९६ मध्ये प्रमाणित झालं. चिडलेली माणसं इतकं नेटकं काम करू शकतात, याचं मला अजून कौतुक वाटतं.

पुढे पुण्यात आम्ही मित्रांनी चित्र काढायचं ॲप करायला घेतलं, तेव्हा फाईलचं काम मी मागून घेतलं. पहिला प्रश्न एकच: चित्र म्हणजे काय साठवायचं? आई रांगोळीच्या वहीत आकृतीवर नुसतं ‘१५ ते ८’ लिहायची. मधल्या ओळीत पंधरा ठिपके, मग दोन्ही अंगांना एकेक कमी करत आठपर्यंत. दोन आकड्यांत १६९ ठिपके जागच्या जागी. मलाही तसंच हवं होतं. रंगलेली जमीन नको, हात कसा फिरला ते हवं.

म्हणजे प्रत्येक बिंदूला आडवं अंतर दोन बाइट, उभं दोन, पेनाचा दाब एक, आधीच्या बिंदूपासूनचा वेळ एक. सहा बाइट. सेकंदाला दोनशे बिंदू देणारं पेन दहा मिनिटं टेकलेलं राहिलं तरी ७,२०,००० बाइट, पेंटच्या त्या कोऱ्या कागदापेक्षा कमीच. जेसनमध्ये एकच बिंदू तीसेक बाइट खातो. तो डोळ्यांनी वाचता येतो हे खरं. पण एवढ्या रेघा डोळ्यांनी वाचणार कोण?

खरा वाद झाला तो वेळेच्या बाइटवरून. एकाचं म्हणणं, हा उडव, चित्राला घड्याळ कशाला? पण वेळ ठेवली तर काढणं पुन्हा बघता येतं. गणपतीची सोंड कुठे अडली, हात कुठे थबकला, काय खोडलं, सगळं. आणि नेमकं हेच दुसऱ्याला दिसावं असं चित्रकाराला वाटेलच असं नाही. १९८५ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने आयएफएफ स्वरूपात फाईलचे तुकडे पाडले होते: चार अक्षरांचं नाव, लांबी, मग ऐवज. पीएनजीने ती रीत उचलताना भर घातली, की नावाचं पहिलं अक्षर लहान लिपीतलं असेल तर तो तुकडा न कळणाऱ्याने खुशाल ओलांडून जावं. आम्ही वेळ आणि खोडलेल्या रेघा अशा लहान अक्षराच्या तुकड्यांत टाकल्या. चित्र दुसऱ्याला पाठवताना ते तुकडे गळतात. माझ्या मते सबंध स्वरूपात शहाणपणाचा निर्णय हाच.

ओळखीसाठी सुरुवातीला ‘रेघ’ लिहिलं, देवनागरीत. युटीएफ-८ मध्ये त्याचे नऊ बाइट होतात आणि नऊही १२७ च्या वरचे. पीएनजीवाल्यांना मुद्दाम बसवावी लागलेली राखण आम्हाला फुकटात मिळाली!

ओळखीच्या एका छापखान्यात जुन्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांच्या फायली पडून आहेत. सीडी शाबूत, फायलीही शाबूत. पण त्या उघडणारा प्रोग्रॅम आता तिथल्या कुठल्याच मशीनवर चालत नाही, आणि फाईलमध्ये काय कुठे आहे हे तो करणाऱ्यांनी कधी छापलं नाही. म्हणून कुठला बाइट कशासाठी याची टिपणं आम्ही ॲपसोबतच देतो. आम्ही दुकान गुंडाळलं तरी कुणालाही वाचणारा प्रोग्रॅम लिहिता यावा. तुमच्याकडे अशा जुन्या फायली असतील आणि अजून उघडत असतील, तर याच आठवड्यात त्यांची पीडीएफ किंवा पीएनजी प्रत काढून ठेवा.