यादीतले तिसरे नाव





या पानावर मी एरवी निकाल, स्नेहसंमेलन आणि शिस्त यांविषयी लिहिते. आज मात्र एक कबुली द्यायची आहे.

देवास जिल्ह्यातल्या एका खेड्यात आमचे सासरचे घर आहे. सासूबाई गेल्यापासून ते बंदच असते. गेल्या मे महिन्यात साफसफाईसाठी आम्ही दोघे तिथे गेलो. पंचायतीच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता : 'जलकर बकाया'. खाली सात नावे. तिसरे नाव माझ्या यजमानांचे! माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले, त्यामुळे 'थकबाकी'पेक्षा 'बकाया' हा शब्द मला जास्त बोचला. पंचवीस वर्षे मी नागरिकशास्त्र शिकवले. पण त्या क्षणी मी आधी काय पाहिले असेल, तर आपल्याला कोणी पाहत तर नाही ना!

"घर बंद, नळ बंद, मग पैसे कसले?" यजमान म्हणाले. खरे सांगते, मलाही ते पटले. तेवढ्यात बचत गटातली एक ताई वसुलीची वही घेऊन आली. ती शांतपणे म्हणाली, "मैडमजी, आपका घर बंद है, पर मोटर तो रोज चलती है."

मग तिने हिशेब दाखवला. मोटारीचे वीजबिल, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाचा पगार, टाकीत टाकायचे क्लोरीन, फुटलेल्या पाइपाची दुरुस्ती. एका घराने हात आखडला की त्याचा भार शेजारच्या घरावर पडतो.

वही पाहताना मला जुनी टाकी आठवली. या गावात पूर्वीही नळयोजना आली होती. उद्घाटन झाले, पेढे वाटले गेले. पुढे मोटार जळली आणि ती कोणी दुरुस्त करायची, हेच ठरेना. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. सासूबाई उतारवयात पुन्हा विहिरीवर जाऊ लागल्या. एका पहाटे पाय घसरला आणि मनगट मोडले. घरटी थोडी वर्गणी काढली असती, तर मोटार आठवड्यात चालू झाली असती. ती काढायला तेव्हा कोणी पुढे झाले नाही. शहरात नोकरी करणारे आम्हीही नाही.

माळव्यात पावलोपावली पाणी, असे जुने लोक सांगत. त्याच माळव्यातल्या देवास शहराला 1990 मध्ये इंदूरहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. मी तेव्हा कॉलेजात होते. जमिनीखालचे पाणी उपसत गेलो, भरले मात्र नाही, त्याचे ते फळ होते. पुढे 2006 मध्ये जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या प्रेरणेने देवासचे शेतकरी स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या खर्चाने तळी खोदू लागले. तळ्याला नाव 'रेवासागर' आणि खोदणाऱ्याला मान 'भगीरथ कृषक' असा. तळे आपले असल्यामुळे गाळही आपणच काढायचा, हे त्यांना सांगावे लागले नाही.

पिण्याच्या पाण्याच्या योजनांतही हाच विचार आहे. 2002 च्या 'स्वजलधारा' योजनेत बांधकामाच्या खर्चाचा दहावा हिस्सा गावाने द्यायचा आणि पुढची देखभाल पूर्णपणे गावाने करायची, असे ठरले होते. 2019 मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्येही गावाचा वाटा आहे. गावच्या पाणी समितीत निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात आणि पाणी तपासण्याचे शिक्षण गावातल्याच पाच स्त्रियांना द्यावे, असे त्यात म्हटले आहे. ते योग्यच आहे. नळ कोरडा पडला की पहिला हंडा त्यांच्याच डोक्यावर येतो. आमच्या गावात वसुलीची वही त्या ताईकडे आल्यापासून मोटार एकदा जळली. ती चौथ्या दिवशी सुरू झाली, कारण पैसे आधीच जमलेले होते.

आम्ही सारी बाकी भरली. ताईने पावती फाडली आणि आमच्यासमोरच यादीतल्या तिसऱ्या नावावर रेघ मारली. भाषण वगैरे काही नाही.

मुलांनो, आपल्या शाळेच्या पाणपोईचा एक नळ महिनाभर ठिबकत होता. शिपाईमामांचे काम म्हणून तुम्ही पुढे जात होतात, आणि मीही. परवा वॉशर बदलला. खर्च दहा रुपये. सरकार टाकी बांधून देईल, विश्वस्त मंडळ नळ बसवून देईल. पण तो रोज चालता ठेवायला तिथे पाणी पिणाराच हवा.

ती पावती मी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. कार्यालयात आलात, तर जरूर पाहा.

आपली,
मुख्याध्यापिका