पिसांची देवघेव

माझ्या मेजावर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी कोंबड्यांच्या पिसांची दहाबारा पाकिटे सदैव पडलेली असतात. नवखा पाहुणा ती पाहून प्रथम संकोचतो, आणि मग प्राध्यापकमहाशयांनी उतारवयात काही मंत्रतंत्र तर आरंभले नाही ना, अशा मुद्रेने माझ्याकडे पाहू लागतो. मी माश्या बांधतो, असे मी त्याला सांगतो. आणि या खुलाशाने त्याची शंका फिटण्याऐवजी दुणावते.

ही माशी म्हणजे गळाभोवती रेशमी दोरा, लोकर आणि पिसे गुंडाळून घडविलेले किड्याचे सोंग. मासा फसून तिच्यावर झेप घेतो. ही विद्या फार जुनी आहे. मॅसिडोनियातील लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून तीवर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे बांधीत, असे एलियन या रोमन ग्रंथकाराने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. आजही त्यात तत्त्वतः फरक पडलेला नाही. कोंबड्याच्या मानेचे पीस ताठ असते. ते गळाभोवती गुंडाळले की त्याचे तंतू चहूकडे उभे राहून माशीला पाण्यावर तोलून धरतात. कोंबडीचे पीस मऊ, म्हणून बुडणाऱ्या माशीला ते बरे. मोरपिसाची एखादी दशी अंगाला गुंडाळली म्हणजे हिरवट झळाळी येते.

भंडाऱ्यात हिचा उपयोग काय, असे कोणी विचारील. जवळजवळ काहीच नाही. आमचा जिल्हा तलावांचा. कोहळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या त्या तलावांत धिवर जाळी टाकतात, आणि माझी माशी पाहून मनमुराद हसतात. जिच्यासाठी हा सारा खटाटोप, ती ट्राउट मासळी 1900 साली स्कॉटलंडहून काश्मीरला आली, ती थंड पाण्याच्या प्रदेशांतच राहिली. मी माश्या बांधतो त्या बांधण्याच्या सुखासाठी, आणि खरे सांगावयाचे तर त्या पाकिटांसाठी.

एका कोंबड्याच्या मानेवर पिसे शेकडो, आणि एका माशीला लागतात एक किंवा दोन. म्हणजे प्रत्येकाजवळ एका रंगाचा सुकाळ आणि बाकीच्या रंगांचा दुष्काळ! या साध्या गणितातूनच आमची देवघेव जन्मली. पालमपूरच्या एका निवृत्त गृहस्थाकडून मला करडी पिसे येतात. मी त्याला आमच्या गावठी कोंबड्यांची तांबूस-सोनेरी पाठवितो. सोबत कडुनिंबाची वाळली पाने घालावयाची, कारण कसरीला आमच्याइतकाच पिसांचा सोस आहे. हिशेब ठेवावयाचा नाही. मात्र मिळालेल्या पिसांची एक माशी बांधून ती उलट टपाली धाडावयाची, एवढा शिष्टाचार पाळतात.

हा शिष्टाचार जिथे तुटतो, ती जागा मला दोन वर्षांपूर्वी दिसली. स्कॉटलंडमधील एक गृहस्थ सहा वर्षे मला उत्तम गळ पाठवीत असे. एके दिवशी त्याने प्रथमच काही मागितले: राखी रानकोंबड्याची एक मान, पुस्तकात घालून. या पक्ष्याच्या मानेवरील पिसांच्या टोकांशी मेणाचा थेंब गोठावा तसा चकचकीत पिवळसर ठिपका असतो. सामनच्या जुन्या धर्तीच्या माश्यांना त्याचे डोळे बसवितात. हा पक्षी आपल्या दक्षिणेचा. त्याच्या व इतर पक्ष्यांच्या पिसांची निर्यात इंग्रज सरकारनेच 1902 साली बंद केली, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकारही बंद झाली. मोराचे गळून पडलेले पीस घरात ठेवता येते. तेही परदेशी धाडता येत नाही.

मी नकार लिहिला. कायद्याचा आधार होताच. पण हात आखडला तो दुसऱ्याच कारणाने. 2009 च्या जूनमध्ये एका अमेरिकन संगीतविद्यार्थ्याने इंग्लंडातील ट्रिंग येथील संग्रहालयातून 299 पक्ष्यांची कातडी रातोरात चोरली. त्यांतील काही वॉलेससारख्या निसर्गशास्त्रज्ञाने गोळा केलेली होती. ती पिसे विकत घेणारे कोण? आमच्यासारखेच हौशी लोक! कातड्यांना बांधलेल्या चिठ्ठ्या, म्हणजे कोणता पक्षी कोठे व केव्हा मिळाला याचा सारा पुरावा, कित्येकांवरून गळून गेल्या होत्या. दुर्मिळ पीस हाती आले की ते कोठून आले, हे विचारण्याची कोणाला इच्छाच उरत नाही. आणि न विचारणे हीच मग मैत्रीची अट होऊन बसते. तशी मैत्री मला नको होती. तिकडे हे पक्षी पाळून त्यांची पिसे विकणारे आहेत, त्यांच्याकडून घ्यावी, असेही मी सुचविले. उत्तर आले नाही. पुढे दिवाळीच्या शुभेच्छांनाही आले नाही, आणि ते मला लागले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट त्याला लिहावयाची राहिली आहे. आपल्या घरगुती कोंबडीचा मूळ पुरुष लाल रानकोंबडा. पण तिच्या पायांचा पिवळा रंग राखी रानकोंबड्याकडून आला, असे 2008 साली संशोधकांनी दाखविले. त्याला हवा असलेला पक्षी थोडासा त्याच्याही खुराड्यात आहे!

गेल्या पोळ्याला धिवर मोहल्ल्यातील एका आजीने सोनेरी मानेच्या कोंबड्याची पिसे कागदात जपून माझ्यासाठी ठेवली होती. मी पैसे काढताच ती म्हणाली, "कायचे पैसे जी सर? आमी त उकिरड्यावरच फेकतो." तिच्या नातवाला मी एक माशी दिली, गळाचे टोक मोडूनच दिली. त्या पिसांपैकी निम्मी पालमपूरला गेली. स्कॉटलंडच्या गळांपैकी सतरा अजून उरले आहेत, आणि उरलेली पिसे मी त्यांच्यावर बांधतो आहे.