पायाचं माप

पुतण्यानं कर्ज काढून बोलेरो पिकअप घेतली, आणि महिनाभरातच त्याला तिची चाकं खुपायला लागली. "काका, बघा ना. पहेलवानाला पोराची चप्पल घातल्यासारखी दिसते."

आमचं पारोळा हायवेवरचं गाव. पूर्वीचा सहा नंबर, आता त्याला 53 म्हणतात. सुरत-कलकत्त्याच्या गाड्या रात्रंदिवस दारावरून जातात, तेव्हा पोरांच्या डोळ्यांत चाकं भरायचीच. धुळ्याहून तो एका जीपगाडीची उतरवलेली रुंद अलॉयची चाकं टायरसकट घेऊन आला. आपल्या लोखंडी डिस्क नि टायर बदल्यात देऊन वर पैसे मोजले. नट बसले, गाडी उंच झाली, गल्लीतली पोरं फोटो काढून गेली.

आबा ओट्यावरून बघत होते. "गाडी तं झकास दिखी ऱ्हायनी. पन वझं कोन वाहस, गाडी का चाक?"

कोणी उत्तर दिलं नाही. पण आबांना हे विचारायचा हक्क होता. मी शाळेत असताना आमच्याकडे लाकडी चाकांची गाडी होती. बाभळीचे आरे, वर लोखंडी धाव. दर उन्हाळ्यात धाव सैल पडायची आणि सुताराच्या दारात दिवस जायचा. आबांनी कंटाळून जुन्या मोटारीचा आस आणि टायर बसवून घेतले. गाडी इतकी हलकी चालायला लागली, की आम्ही पोरं एकटी ढकलायचो. हलकी चालते म्हणून दोन पोती जास्त, मग चार जास्त. एकदा बोरी नदीच्या उतारावर ज्वारीनं भरलेली गाडी बैलांच्या अंगावर आली. लाकडी चाक स्वतःच घासत, अडत खाली उतरायचं. रबराला ते माहीत नव्हतं. डावा बैल गुडघ्यावर बसला. जगला, पण पुढं औताला काही चालला नाही. त्यानंतर आबा उतारावर गाडीमागं ओंडका बांधायचे.

पुतण्याची पाळी पावसाळ्याच्या तोंडावर आली. धुळ्याहून युरिया आणायला मीही सोबत होतो. गोणी 45 किलोची, तीस गोण्या. म्हणजे 1350 किलो. फागणं मागे पडलं आणि खड्डा आला की मागून खर्रर्र आवाज यायला लागला. पोरगा म्हणाला, ताडपत्री असेल. मुकटीच्या अलीकडे जळक्या रबराचा वास आला तेव्हा थांबलो. पाटे वजनानं बसले होते, टायर वर सरकून हौद्याखालच्या पत्र्याला घासत होता. बगलेवर बोटभर रुंद चर, आतले धागे दिसत होते. आणखी थोडं गेलो असतो तर टायर फुटलाच असता, आणि पाठीमागून येणारा ट्रक काही आमच्यासाठी थांबणार नव्हता. पोराचा हात पान्ह्यावर थरथरत होता. निम्म्या गोण्या उतरवल्या, स्टेपनी चढवली आणि बाकीच्यांची राखण करत मी रस्त्याकडेला बसलो. तो दुसरी खेप करून येईपर्यंत दिवस मावळला.

रात्री आम्ही वही घेऊन बसलो. हे आधी करायला हवं होतं. गाडीचा मूळ टायर 215/75 आर 15. म्हणजे रुंदी 215 मिलिमीटर, बगलेची उंची त्याच्या शेकडा 75, आणि रिम 15 इंचांची. दोन्ही बगला आणि रिम धरून टायर साधारण 704 मिलिमीटर उंच. नवा होता 245/75 आर 16, म्हणजे 774. चाक 35 मिलिमीटर वर सरकलेलं. काटा 60 दाखवायचा तेव्हा गाडी 66 नं पळत होती! रिमची बैठकही वेगळी होती, त्यामुळे टायर बाहेर डोकावत होता. भोकं जुळली एवढंच आम्ही पाहिलं होतं. बगलेवरचे शेवटचे चार आकडे 1114 होते. 2014 सालच्या अकराव्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत दिसली म्हणून वय कोणी विचारलं नव्हतं. रिमवर वजन पेलण्याचा आकडा शोधला, कुठंच नव्हता.

"मंग आते काय?" आबांनी विचारलं.

आमच्या जुन्या डिस्क विकणाऱ्याकडे शिल्लक होत्या. आमच्याच वस्तू त्यानं आम्हाला दीडपट किमतीत दिल्या आणि वर चहा पाजला. टायर मात्र आम्ही कोरे घेतले: मूळ मापाचे, माल वाहायच्या गाडीसाठीचे, 8 पी.आर.चे. एक हप्ता थकला. पुतण्या आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही. जणू चाकं मीच निवडली होती.

दसऱ्याला त्यानं त्या डिस्कना चंदेरी रंग दिला, झेंडूचे हार घातले. आबांना हाताला धरून खाली आणलं. त्यांनी वाकून टायरच्या बगलेवरून अंगठा फिरवला, आकड्यांवर थांबवला. अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत.

"कितला शेतस?"

"दोनशे पंधरा, आबा."

"बरं," म्हणाले, आणि कुंकवाचं बोट चाकाला लावलं.