तारापूरचें जळण

कुंभवलीच्या आसपास कारखाने पुष्कळ. दूर देशीं लढाई लागली, अगर कोणा सरकारनें जकात वाढविली, कीं मालाची मागणी घटते, पाळ्या तुटतात आणि घरीं येणारा पगार कमी होतो, हें आमच्या विद्यार्थ्यांस पुस्तकावांचून ठाऊक आहे. अशा काळीं मोठी संस्था चालविणाऱ्यानें काय करावें? परदेशीं ग्रंथ धुंडाळण्यापूर्वीं पश्चिमेस, आपल्याच समुद्रकांठीं पाहावें, असें आम्हांस वाटतें.

तारापूरचें अणुविद्युत् केंद्र १९६९ सालीं सुरू झालें. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन बनावटीच्या. त्यांस लागणारें समृद्ध युरेनियम तीस वर्षें अमेरिकेनेंच द्यावयाचें, व आपणही तें दुसऱ्या कोणाकडून घ्यावयाचें नाहीं, असें १९६३ च्या करारानें ठरलें होतें. करार पक्का, पण दार एकच. पुढें मे १९७४ मध्यें भारतानें पोखरण येथें अणुस्फोट केला आणि अमेरिकेचें मन पालटलें. १९७८ सालीं तेथें नवा कायदा झाला व जळणाची प्रत्येक खेप वादाचा विषय होऊन बसली. १९८० सालीं तेथील सेनेटनें पुरवठा अडविला नाहीं, तो अवघ्या दोन मतांच्या फरकानें! आमच्या किनाऱ्यावरचे दिवे हजारों कोसांवरील मतमोजणीवर टांगलेले होते.

१९८२ सालीं तडजोड होऊन फ्रान्सनें पुरवठा पत्करला. त्यानंतर चीनकडून, व पुढें रशियाकडून जळण आलें. ज्या चीनशीं १९६२ सालीं आपलें युद्ध झालें, त्याच्याच दारीं जावें लागलें. अभिमान गिळणें हेंही संस्थाचालकाचें एक काम आहे; तें मात्र शाळेंत कोणी शिकवीत नाहीं.

दुसऱ्याच्या दारीं जाणें एवढाच उपाय नव्हता. यंत्रांचे सुटे भागही बाहेरून मिळेनात, तेव्हां येथील अभियंत्यांनीं दुरुस्त्या आपल्या हातीं घेतल्या. वाफेच्या यंत्रांतील नळ्या गळूं लागल्यावर २१० मेगावॅटची भट्टी १६० वर चालविण्याचें ठरलें. आमच्या मतें हा निर्णय सर्वांत कठीण. वाढ दाखविणारा पुढारी सर्वांस आवडतो. थोडक्यांत भागवून यंत्र जिवंत ठेवणाऱ्यास हार कोण घालतो?

खरी तयारी मात्र या संकटापूर्वींच झाली होती. डॉ. होमी भाभा यांनीं तारापूरबरोबरच दुसरीही वाट धरली होती, ती साधें युरेनियम व जड पाणी यांवर चालणाऱ्या भट्ट्यांची. राजस्थानांत हें काम कॅनडाच्या साह्यानें चाललें असतां १९७४ नंतर कॅनडानेंही हात काढून घेतला. तेव्हां तेथील दुसरी भट्टी आपल्याच लोकांनीं पुरी केली. भाभा १९६६ सालीं विमान-अपघातांत वारले. त्याच वाटेच्या, ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्या तारापुरास २००५ व २००६ सालीं वीज देऊं लागल्या.

या नव्या भट्ट्यांसाठीं अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें उठविण्यांत आलीं, आणि पुनर्वसनाचें गाऱ्हाणें उच्च न्यायालयापर्यंत गेलें. जळणाकरितां इतक्या देशांशीं धीरानें बोलणीं झालीं. या दोन गांवांशीं तितक्याच धीरानें झालीं काय? वरच्या वर्गांतील मुलामुलींनीं सुट्टींत तेथील वडीलधाऱ्या मंडळींस जाऊन विचारावें, आणि जें ऐकाल तें पुढील अंकासाठीं लिहून आणावें.