नो पाव, प्लीज!

करी रोड ते डोंबिवली. खांद्यावर लॅपटॉप, डोळ्यांत झोप आणि डोक्यात लो-कार्ब डाएट... गिरणगावात मध्यरात्री पावाला ‘नाही’ म्हणताना काय काय होतं, त्याची ही गोष्ट.

रात्रीचे सव्वाबारा. करी रोड स्टेशनबाहेरच्या बुर्जीच्या गाडीवर मी उभी आहे. तव्यावर कांदा-मिरची चुरचुरतेय, बाजूला लादीपावांची चळत रचलेली आणि माझ्या पोटात अक्षरशः कावळे ओरडतायत.

“मामा, एक डबल ऑम्लेट. पाव नको.”

मामांचा हात तव्यावरच थांबतो.

“पाव नको? मग खाणार कशाशी?”

“नुसतंच.”

“पैसे तेवढेच पडतील हां, ताई.”

शेजारी उभा असलेला एक आयडी कार्डवाला माझ्याकडे अशा नजरेनं बघतो, जणू मी वडापावातला वडा परत करतेय. काय सांगणार त्याला? माझ्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेला एक रिपोर्ट आहे. त्यावर लिहिलंय, ‘एचबीएवनसी : ६.१’.

हा आकडा म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ किंवा त्याच्या वर गेला तर डायबिटीस. मधल्या पट्ट्यात असणाऱ्यांना म्हणतात प्रीडायबिटीक. म्हणजे मी! वय २८, जीन्सचा नंबर कॉलेजपासून तोच आणि तरीही. गंमत म्हणून एका हेल्थ कॅम्पमध्ये टेस्ट केली आणि गंमत अंगाशी आली. बाबांना गेली पंधरा वर्षं डायबिटीस आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या पायाचं एक बोट काढावं लागलं. त्यामुळे आमच्या घरात या आकड्याकडे कुणी नुसता आकडा म्हणून बघत नाही.

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, “कार्ब्ज कमी करा. झोप नीट घ्या. तीन महिन्यांनी परत टेस्ट करू.”

मी त्यातलं फक्त पहिलं वाक्य ऐकलं.

गिरणगावचा मेनू

माझं ऑफिस लोअर परळला. मी फ्रीलान्सर, पण महिन्याचं भाडं निघावं म्हणून एका मीडिया कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर डेस्कचं काम करते. दुपारी चार ते रात्री बारा. काचेची बिल्डिंग, थंडगार एसी, व्हेंडिंग मशीनची कॉफी. आवारात मात्र एक जुनी चिमणी अजून उभी आहे. ती बघितल्यावर आठवतं, की इथे एकेकाळी सूत निघायचं.

या भागात खाण्याचे लाड काय वर्णावेत! करी रोडला उतरून लालबागच्या दिशेनं चालत गेलात, तर चिवडा गल्ली. पोह्यांचा, मक्याचा, डाएट चिवडासुद्धा (हो, तोही पोह्यांचाच!). थोडं पुढे मसाल्यांची दुकानं, मिरच्यांचा ठसका. भारतमाता टॉकीजच्या आसपास मालवणी खाणावळी, तिथे सुरमईबरोबर भाताचा डोंगर. आणि कोपऱ्याकोपऱ्यावर वडापाव. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी पहिला वडापाव विकला, असं सांगतात. तेव्हापासून धावत्या मुंबईकराच्या एका हातात लोकलचा दांडा आणि दुसऱ्या हातात हा!

हा सगळा मेनू कुणासाठी तयार झाला? गिरणी कामगारांसाठी. स्वस्त, गरम, पोटभर आणि पाच मिनिटांत संपणारा. माझे आबा, म्हणजे बाबांचे वडील, सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून सतराव्या वर्षी इथे आले. डिलाइल रोडवरच्या एका गाळ्यात राहिले, गिरणीत साच्यावर उभे राहिले. आठ तास उभं राहणं, साच्यामागे येरझाऱ्या, अंगातून घामाच्या धारा. खाणावळीतल्या चार चपात्या आणि भात कुठे गडप व्हायचा, कळायचंही नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले बरेचसे परत आत गेलेच नाहीत. आबाही नाही. पुढे आमचं घर डोंबिवलीला गेलं.

आता त्याच पत्त्यावर मी येते. पाळी तशीच, खाणं तसंच. फरक एवढाच, की आबा उभे असायचे आणि मी बसलेली असते. दिवसभरात माझी सगळ्यात मोठी एक्सरसाइज म्हणजे करी रोडचा जिना.

दिवसा वाघ...

लो-कार्ब म्हणजे ढोबळमानानं दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली कार्बोहायड्रेट्स. ऐकायला भरपूर वाटतं ना? एका लादीपावात साधारण १५ ते २० ग्रॅम. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात २८ च्या आसपास. वड्यातला बटाटा आणि बेसन वेगळं. आपला नाश्ता आठवा... पोहे, उपमा, शिरा, मिसळ‘पाव’. आणि एकादशीला तर साबुदाण्याची खिचडी, म्हणजे उपवासाच्या दिवशीच कार्ब्जचा महोत्सव! २०२५ साली आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीत, भारतीयांच्या रोजच्या कॅलरीजपैकी सुमारे ६२ टक्के कार्ब्जमधून येतात असं दिसलं. तेव्हा मी काही एकटी नाही.

तरी दिवसा मी वाघ असते, बॉस! सकाळी दोन अंडी. दुपारी आईनं दिलेला डबा : पालेभाजी, पनीर किंवा मासा, वाटीभर मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, ताक आणि एकच ज्वारीची भाकरी. डब्यात भात नाही म्हणून पहिले आठ दिवस आई माझ्याशी धड बोलली नव्हती. “जेवलीस का?” विचारायची आणि मी “हो” म्हटलं की “ते काय जेवण!” म्हणून आत जायची. मालवणी खाणावळीत मी सुरमई तव्यावर नुसती मसाल्यात भाजून मागते, रवा न लावता. वेटर हल्ली मला बघून हसतो.

प्रॉब्लेम सुरू होतो रात्री. अकराच्या पुढे. कुणीतरी बिस्किटांचा पुडा फोडतं, कुणाचा तरी बर्थडे असतो, कुणी अ‍ॅपवरून ‘वन प्लस वन’ बिर्याणी मागवतं. दुपारी ज्या केककडे मी ढुंकून बघितलं नसतं, त्याच्याकडे माझा हात आपोआप जातो. विलपॉवर कमी पडतेय असं म्हणून मी स्वतःला शिव्या घालायचे. दुसऱ्या दिवशी आणखी कडक नियम. रात्री पुन्हा तेच.

आणि कल्याणची रात्र

त्या रात्री ऑम्लेट खाऊन मी स्लो लोकल पकडली. लेडीज डब्यात आम्ही सातजणी आणि दाराशी ड्युटीवरचा एक पोलीस. संध्याकाळच्या गाडीत याच डब्यात काकू मांडीवर पेपर पसरून मेथी निवडत असतात, गप्पांचा फड रंगलेला असतो. मध्यरात्री मात्र सगळ्या माना खिडकीला टेकलेल्या. घाटकोपर आठवतंय. मुलुंड अंधुक आठवतंय. त्यानंतर एकदम कुणीतरी खांदा हलवला, “मॅडम, कल्याण.”

डोंबिवली कधीच मागे गेली होती. पावणेदोन वाजले होते. परतीची गाडी नाही. रिक्षा स्टँडजवळ एक टपरी उघडी होती. मी गोड चहा घेतला, दोन खारी आणि दोन वडापाव. वडापाव थंडगार होते. पाव चिवट झाला होता. तरी मी उभ्या उभ्या दोन्ही संपवले आणि तिसरा मागितला. पर्समध्ये रिपोर्ट होता. मला माहीत होतं आणि तरीही थांबता येत नव्हतं. रिक्षात बसल्यावर मी चक्क रडले. मला दर पावलागणिक बाबांचा तो पाय दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मी पत्रकार आहे हे आठवलं आणि वाचायला बसले. शिकागो विद्यापीठाचा २००४ सालचा एक प्रयोग सापडला. बारा निरोगी तरुण मुलं. एकदा दोन रात्री प्रत्येकी चारच तास झोपायला दिले, एकदा दहा तास. कमी झोपेनंतर भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन २८ टक्क्यांनी वर, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी खाली. भूक २४ टक्के जास्त. आणि खावंसं काय वाटत होतं? गोड, खारट, पिष्टमय! त्याच विद्यापीठाच्या १९९९ च्या प्रयोगात सहा रात्री चार-चार तास झोपलेल्या तरुणांच्या शरीराला साखर हाताळणंच जड जायला लागलं होतं.

मी माझा हिशेब मांडला. घरी पोचायला पावणेदोन, झोप लागायला अडीच आणि सकाळी सातला उठून अकराच्या इंटरव्ह्यूची तयारी. साडेचार तास. कित्येक महिने. म्हणजे मी दिवसभर डब्यातून एकेक कार्ब वेचून काढत होते आणि रात्री माझी अर्धवट झोप तेच दुपटीनं मागत होती. डॉक्टरांचं दुसरं वाक्य आत्ता ऐकू आलं.

बाबांची सकाळ

या सगळ्यात बाबांनी एक उद्योग केला. लेक करतेय तर आपणही, म्हणून त्यांनी गुपचूप पोळ्या सोडल्या. गोळी मात्र नेहमीचीच घेतली. अकराच्या सुमारास ते घामानं भिजले, हात थरथरायला लागले. मी मशीननं साखर बघितली, ५८. सत्तरच्या खाली म्हणजे धोका. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, मग जरा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी फोनवरच झापलं : साखर उतरवणारी गोळी किंवा इन्शुलिन चालू असताना कार्ब्ज स्वतःच्या मनानं कमी करायचे नाहीत, आधी डोस ठरवून घ्यायचा. डाएट म्हणजे मैत्रिणीकडून घेतलेला ड्रेस नव्हे, प्रत्येकाला तो मापानुसारच हवा.

दुपारी बाबा पडल्या पडल्या आबांच्या गोष्टी सांगत होते. गाळ्यात वीस-पंचवीस जण. जागा एवढी कमी, की एक जण पाळीला गेला की दुसरा त्याच्याच वळकटीवर आडवा व्हायचा. झोपेचीही पाळी लावलेली! “पण आबा झोपायचे हां,” बाबा म्हणाले. “भोंगा झाला की काम, भोंगा झाला की झोप. कुणी उठवलं तर शिव्या खायचा.”

मी गप्प झाले. आबांकडे स्वतःचं अंथरूणसुद्धा नव्हतं आणि ते झोपत होते. माझ्याकडे ऑर्थोपेडिक मॅट्रेस आहे आणि ती रात्रभर रिकामी पडून असते. माझ्या पाळीला भोंगा नाही. बारा वाजले तरी फोनवर ‘जस्ट वन क्विक थिंग’ येतच असतं.

भोंगा

सोमवारी मी एडिटरना भेटले आणि आठवड्यातल्या तीन रात्री सोडल्या. त्या दिवशी बारा ते आठ. पैसे कमी झाले, ते दर महिन्याला जाणवतं. नव्या लॅपटॉपचा प्लॅन पुढे गेला. उरलेल्या लेट नाइट्सच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं काम घेत नाही. घरी पोचल्यावर फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. तोच माझा भोंगा.

पहिल्या दोन आठवड्यांत काहीच चमत्कार झाला नाही. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, की रात्री अकराला केक आला आणि मी “नको” म्हणून पुन्हा कॉपी तपासायला लागले. मनाशी भांडावं लागलं नाही. तीन महिन्यांनी टेस्ट केली : ५.८. अजून त्या पट्ट्यातच आहे. पण खाली यायला लागलेय. बाबांनी रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “आबांवर गेलीस.”

परवा साडेआठला करी रोडला पोचले, तर मामा नुकती गाडी लावत होते. अंड्यांचे ट्रे उतरवता उतरवता म्हणाले, “ताई, आज लवकर? तवा तापायचाय अजून.”

“राहू दे, मामा. घरी जाते. झोपायचंय.”

मामा हसले. म्हणाले, “हे बरं. पावापेक्षा हे बरं.”

लेट नाइटवाल्यांसाठी सर्व्हायव्हल किट

- रात्री काय खायचं ते दुपारीच ठरवा. मध्यरात्रीच्या डोक्यावर भरवसा ठेवू नका.
- बॅगेत उकडलेली अंडी, पनीरचे तुकडे किंवा मूठभर शेंगदाणे-बदाम ठेवा. बिस्किटांचा पुडा दिसण्याआधी पोटात काहीतरी असू द्या.
- कटिंग बिनसाखरेचा. आणि संध्याकाळी सहानंतर कॉफी बंद, नाहीतर घरी पोचूनही छताकडे बघत बसाल.
- बुर्जी, ऑम्लेट, तंदुरी, तव्यावरचा मासा हे सगळं पावाशिवाय, भाताशिवाय मिळतं. फक्त न लाजता मागा.
- डायबिटीसची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कार्ब्ज कमी करू नका.
- एखाद्या रात्री वडापाव खाल्लात? खाल्लात. दुसऱ्या दिवशी उपाशी राहू नका, त्या रात्री तासभर लवकर झोपा.